फुगवटा

रिपोर्टात शब्द एकच येतो, इंग्रजी, लांबलचक,
खाली डॉक्टरची सही.
तोवर माझी पाळी संपलेली असते.
पण फोटो माझा. आधी मी बघते.

फुप्फुसं टम्म, काळीभोर.
पडद्याच्या वर बरगड्या मोजायच्या असतात,
सहा भरल्या तर ठीक.
मुसेकिवांच्या आठ भरल्या.
आणि पडदा, जो भाकरीसारखा फुगून वर यायला हवा,
तो तव्याला चिकटून बसलेला, सपाट.
मधोमध हृदय,
अंग चोरून उभं.

स्टोक-ऑन-ट्रेंट, नोव्हेंबर, खोली क्रमांक तीन.
घ्या. धरा. सोडा.
दिवसातून साठदा म्हणते मी हे.
"सोडायचीच तर पंचाईत आहे," ते म्हणाले,
"आत येतो आणि निघायचं नाव घेत नाही,
भाडं न देणाऱ्या भाडेकरूसारखा."

या गावात मी कपबश्यांच्या धुळीनं भरलेल्या छात्या पाहिल्यात,
भट्टीवर आयुष्य काढलेली माणसं.
हे मात्र गणिताचे मास्तर, मुतारेचे.
सिगारेट? "पस्तीस वर्षं. खडूच्या हातानंच."

मला काही सांगायची परवानगी नसते.
त्यांनीच खिशातून मागच्या वेळचं पत्र काढलं,
त्या शब्दावर बोट ठेवलं.
"याला मी ओळखतो. यानं माझी पेन्शन खाल्ली.
आता इथवर आलाय, माग काढत."

सदऱ्याची बटणं लावता लावता सांगत होते:
सकाळी बसनं शाळेत गेलो,
संध्याकाळी तेवढ्याच पैशात अर्ध्या रस्त्यात उतरलो.
पोरांना शिकवायचो, उजवीकडे शून्य दिलं की किंमत दहापट.
त्या वर्षी मागच्या बाकावरून एक पोरगी उठली,
म्हणाली, सर, तुम्ही आम्हाला खोटं शिकवलंत.
"काय उत्तर देणार? बस म्हटलं खाली."

मग प्रार्थनेच्या पुस्तकातून, खूण म्हणून ठेवलेली,
नोट काढली. कोरी.
तीन दगड, एकावर एक तोललेले,
आणि एकापुढे चौदा शून्यं.
मी मोजली, बोट टेकवत,
जशा मघाशी बरगड्या.

तुझ्या भाषेत काय म्हणतात याला?

चलनफुगवटा, म्हणणार होते,
पण तो पेपरातला शब्द, घरात कुणी वापरत नाही.
घरात पुरी फुगायची. मी फुगायचे, गाल काढून,
धाकटीला नवा फ्रॉक आणला की.
काका जमिनीचे आकडे फुगवून सांगायचे
आणि मोबदला आला तेव्हा
आकड्यातली हवा आधीच गेलेली होती.

आमच्याकडे, मी म्हटलं, फुगवटा म्हणजे पाणी.
धरणाची भिंत अकरा किलोमीटर खाली.
आमच्या गावातून ती दिसायचीसुद्धा नाही.
नदी येत राहिली, नेहमीसारखी,
फक्त तिला जाता येईना.
मग ती उलटी चढली, हळूहळू, उसात,
उंबऱ्यापाशी येऊन दोन दिवस थांबली,
पाहुणी थांबते तशी.
अजून कुणी आईला विचारलं, तुमचं गाव कुठलं,
ती म्हणते, फुगवट्यातलं.
मे महिन्यात पाण्याच्या टाकीचा जिना वर येतो.
सात पायऱ्या. त्यापुढे काही नाही.

ते बराच वेळ बूट घालत राहिले.
"येणं नाही वाईट," म्हणाले. बाकी वाक्य
दमात अडकलं. मी वाट पाहिली नाही,
बाहेर चार जण बसले होते.

दारात वळून नोट पुढे केली:
"पार्किंगचे साडेतीन पौंड झालेत. भागेल यात?"
हसले. हसू अर्धंच बाहेर आलं,
उरलेलं खोकत खोकत कॉरिडॉरभर ऐकू येत राहिलं.

पुढची बाई, घोटा मुरगळलेली.
पाय नीट ठेवला, शिशाच्या पडद्याआड गेले,
आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं:
श्वास घ्या. धरा.
तिनं धरला. घोट्यासाठी.
काचेतून माझ्याकडे बघत राहिली,
गाल फुगवून, आज्ञाधारक,
आणि मला पुढचा शब्द
आठवेचना.